पेशव्यांच्या सनदा आणि ऑक्सफर्डचे प्राध्यापक

१९५४ साली दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली. त्या मोहिमेत सुधीर फडके होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढची लढाई हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात झाली, आणि तिथे पुढे होते प्राध्यापक!

डिसेंबर १९५५मध्ये पोर्तुगालने दावा लावला: दमणहून या मुलखात जायला भारताने वाट दिली पाहिजे. आपले ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड. त्यांच्या जोडीला जे प्राध्यापक होते, त्यांत ऑक्सफर्डचे सर हम्फ्री वॉल्डॉक. जन्म कोलंबोचा, १९०४चा. तरुणपणी विद्यापीठाकडून हॉकी खेळले, युद्धात नौदल खात्यात राबले आणि १९४७पासून ऑक्सफर्डला आंतरराष्ट्रीय कायदा शिकवू लागले.

पोर्तुगालची भिस्त होती १७७९च्या मराठ्यांशी झालेल्या तहावर. त्यामुळे हेगमध्ये पेशवाईतली मराठी कागदपत्रं, १७८३ आणि १७८५च्या सनदा उलगडल्या गेल्या. न्यायालयाने मानलं की मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क, राज्य नव्हे. मात्र पोर्तुगालची तिथली सत्ता इंग्रजांनी पुढे मुकाट्याने मान्य केली होती. १२ एप्रिल १९६०चा निकाल असा: खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, फौज, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं यांना नव्हती. भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही.

असे खटले लोकांच्या लक्षात राहतात. मला विचाराल तर वॉल्डॉक यांचं मोठं काम त्यानंतरचं, आणि वाचायला अगदी रुक्ष! तह कसा होतो, त्याचा अर्थ कसा लावायचा, तो केव्हा मोडतो, याचे नियम संयुक्त राष्ट्रसंघाच्या विधी आयोगासाठी त्यांनी कलमागून कलम रचले. १९६२ ते १९६६ या काळात त्यांनी सहा अहवाल दिले. त्यांतूनच १९६९चा व्हिएन्ना करार उभा राहिला. गंमत अशी, की भारत त्या करारात सामील नाही. तरी आपली न्यायालयं त्यातल्या नियमांचा आधार घेतात.

१९७३मध्ये वॉल्डॉक हेगला न्यायाधीश झाले आणि १९७९मध्ये अध्यक्ष. तेहरानमधल्या अमेरिकी ओलिसांचा खटला त्यांच्यापुढे चालला. इराणचा वकील फिरकलाच नाही. तरीही मे १९८०मध्ये न्यायालयाने कायदा तपासून निकाल दिला, ओलिसांना सोडा म्हणून. ते सुटले जानेवारी १९८१मध्ये, अल्जीरियाच्या मध्यस्थीने.