स्वच्छ इंधनाचा ताळेबंद



१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य असताना बाबासाहेबांकडे वीजनिर्मितीचा विषयही होता. मजूर आणि वीज ही दोन्ही खाती एकाच हाती होती, हे ध्यानात ठेवून आपण आजच्या ‘स्वच्छ ऊर्जे’कडे पाहू या.

मक्यातील किंवा उसातील साखर आंबवली की इथेनॉल तयार होते आणि जवळजवळ तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वीजकेंद्राच्या धुरात हा वायू इतर वायूंत मिसळलेला असतो. आंबवण्याच्या टाकीतून मात्र तो बव्हंशी शुद्ध मिळतो. म्हणून तो पकडणे सोपे जाते. आपल्या या अमेरिकेतच, इलिनॉयमधील डिकेटर येथे, २०११ ते २०१४ या काळात मक्याच्या इथेनॉलपासून निघालेला सुमारे १० लाख टन वायू दोन किलोमीटरहून अधिक खोल वालुकाश्मात साठवण्यात आला. पिकाने हवेतून घेतलेला कार्बन भूगर्भात गेला. मात्र खते, ट्रॅक्टरचे डिझेल आणि ऊर्ध्वपातनाची उष्णता वजा केल्यावरच खरा लाभ कळतो.

वैद्यकाचा विद्यार्थी म्हणून मी आणखी एक वजाबाकी सुचवतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो. सखल जागी साचून श्वास कोंडतो. फेब्रुवारी २०२० मध्ये मिसिसिपीतील सटार्शिया गावाजवळ या वायूची नळवाहिनी फुटली आणि ४५ जणांना रुग्णालयात जावे लागले. तो वायू इथेनॉलचा नव्हता. परंतु फुप्फुसांना हा भेद कळत नाही.

मायदेशी भारताने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. त्यातील काही इथेनॉल महाराष्ट्राच्या उसाचे आहे. तो ऊस तोडणारे जोडपे ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. मुकादमाची उचल डोक्यावर असते आणि खाडा झाला तर दंड पडतो. २०१९ साली शासकीय समितीने केलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील तेरा हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे आढळले. पाळीच्या दिवसांतही ज्यांना विश्रांती नाही, त्यांच्या देहाची ही किंमत कोणत्या ताळेबंदात मांडली आहे?

विज्ञानाला विरोध करणे हा आपला मार्ग नव्हे. आपली मुलेमुली येथे अभियंते होत आहेत. त्यांनी ही यंत्रे अवश्य उभारावीत. परंतु टनांच्या हिशेबाशेजारी कोयत्याचाही एक रकाना आखावा. धुराडे निर्मळ झाले आणि माणूस पिळला गेला, तर त्या इंधनाला स्वच्छ म्हणता येणार नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!