गाडीचा जन्मदाखला कुठे शोधायचा?

कोलकात्याहून बोलतोय. जुन्या स्पोर्ट्स कारवर बोलायला लागलो की एक प्रश्न हमखास येतो: कारखान्यातला मूळ कागद गाडीत कुठे सापडेल? सीट उसवून बघू का?

सीट उसवू नका. ही गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथे गाडी लाइनवर पुढे सरकायची तेव्हा रंग कुठला, गिअरबॉक्स कुठला हे सांगणारा एक तक्ता तिच्याबरोबर जायचा आणि काम झालं की गाडीतच राहून जायचा. 1967 नंतरच्या कॉर्व्हेटमध्ये तो पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला मिळतो, काही गाड्यांत सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला. आपल्याकडच्या जुन्या स्पोर्ट्स कार बहुतेक ब्रिटिश. त्यांची नोंद कारखान्याच्या वहीत व्हायची, गाडीत नाही. आणि समजा कोणी ठेवला असता कागद, तर इथल्या सत्तर पावसाळ्यांत आणि वाळवीत तो काय उरला असता?

म्हणून गाडीत शोधायचा तो नंबर. कागद विलायतेत आहे. 1955 पासूनच्या एमजीची नोंद गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून मिळते. जॅग्वारसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट आहे. त्यांच्या दाखल्यावर चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे नंबर, मूळ रंग, गाडी कधी तयार झाली आणि कुठल्या वितरकाकडे गेली, एवढं सगळं असतं. त्याआधीच्या एमजीसाठी अॅबिंग्डनला एमजी कार क्लबच्या संग्रहाकडे जावं लागतं.

आता एक गाडी सांगतो, म्हणजे हे सगळं कशासाठी ते कळेल.

भवानीपूरच्या एका घरात एमजी टीसी आहे. घरच्या माशीमा पंचाहत्तरीच्या पुढच्या, गाडी त्यांच्या वडिलांची. बाहेरगावचा एक गिऱ्हाईक आला, बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाला, "ही दोन गाड्या जोडून केलेली आहे, इंजिन एमजीचं नाही." आणि भंगारापेक्षा थोडा बरा भाव सांगितला. माशीमांना पैशांपेक्षा ते 'जोडून केलेली' लागलं. मला म्हणाल्या, "दादा, माझे वडील लबाड नव्हते."

टीसीचं एक बरं आहे. नुसती प्लेट असती तर ती कुणीही बदलू शकतो, पण हिचा नंबर चेसिसच्याच लोखंडावर, पुढच्या टोकाला डाव्या बाजूला ठोकलेला असतो. त्यावर रंगाचे पाच-सहा थर होते. इथे ग्राइंडर लावायचा नाही, हात जोडून सांगतो. थिनर, चिंधी आणि वेळ. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, आरटीओसाठी घेतो तशी. सगळे आकडे आले, सरळ ओळीत, एकाच ठशाचे. आजूबाजूला वेल्डिंग नाही.

या आकड्यांची एक गंमत आहे. टीसीचे नंबर 1 पासून नाही, 0251 पासून सुरू होतात, कारण अॅबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर 251 होता. 1945 ते 1949 मध्ये साधारण दहा हजार टीसी झाल्या आणि शेवटचा नंबर 10251 वर थांबला. याच्या बाहेरचा नंबर कुणी दाखवला तर चहा पिऊन घरी या.

पेन्सिलीचा कागद स्कॅन करून पाठवला. उत्तर आलं: चेसिस वहीत आहे, आणि तिच्यासमोर एक्सपीएजी मालिकेतलं इंजिन आहे. गाडीत मात्र एक्सपीजेएम. म्हणजे इंजिनाबद्दल गिऱ्हाईक खरं बोलत होता.

तेव्हा माशीमांना जुनं ब्लू बुक काढायला लावलं. ते देवघराच्या कपाटात, पंचांगांच्या गठ्ठ्यात निघालं. आत 1961 ची नोंद, शिक्क्यासकट: इंजिन बदललं. नंबर तोच, आज गाडीत असलेला. आणि ते इंजिन हिंदुस्तान टेनचं.

हिंदुस्तान टेन म्हणजे आपल्या हिंदुस्तान मोटर्सने बनवलेली मॉरिस टेन. कंपनी 1942 मध्ये ओखा बंदरात सुरू झाली आणि 1948 मध्ये इथे हुगळीकाठी उत्तरपाड्याला आली. टीसीचं इंजिन मुळात याच मॉरिस टेनच्या इंजिनावरून केलेलं! दोन्हींचा स्ट्रोक 90 मिलिमीटर. मॉरिसचा बोअर 63.5, म्हणून 1140 सीसी. एमजीने तो 66.5 केला, 1250 सीसी झाले. त्या काळात विलायतेहून इंजिन मागवणं सोपं नव्हतं. कुठल्यातरी मिस्त्रीने सख्ख्या नात्यातलं इंजिन शोधून बसवलं आणि मालकाने ते सरकारदरबारी लिहून घेतलं. याला मी जोडलेली गाडी म्हणणार नाही.

पण प्रश्न इथे मिटत नाही. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते; नव्याने नोंदणी असेल तर 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. आधी नोंदलेली गाडी असेल तर जुनं आरसी लागतं. अट अशी, की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा. साठ वर्षांपूर्वीचं हे इंजिन त्यात कसं धरायचं ते बेलतल्याच्या कार्यालयात ठरेल. आम्ही अर्जाला अॅबिंग्डनचं उत्तर आणि 1961 चं पान, दोन्ही जोडलंय. एकटा कारखान्याचा कागद दिला असता तर तो गाडीच्या विरुद्ध साक्ष ठरला असता.

माशीमांच्या भाच्याने दुसरा उपाय सुचवला: बाहेरून एक्सपीएजी इंजिन आणायचं, नवी पितळी पट्टी करून त्यावर वहीतला नंबर ठोकायचा. अशा कोऱ्या पट्ट्या विकत मिळतात, खरं आहे. मी म्हटलं, इंजिन जरूर आण, पण त्याचा स्वतःचा नंबर राहू दे आणि ब्लू बुकात नवी ओळ लिहून घे. खोटा नंबर ठोकलास तर त्या गिऱ्हाइकाचं म्हणणं तूच खरं केलंस. तो जरा रागावला. माशीमा काही बोलल्या नाहीत. ब्लू बुक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि कपाटाची किल्ली कमरेला खोचली.