छायाचित्रांची जपणूक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही या विषयातील जाणकार नव्हे. परंतु ज्याला ठेच लागली त्याने मागून येणाऱ्यांस सावध करावे, एवढ्याच नात्याने चार शब्द बोलते.

माझे माहेर शिरोळ तालुक्यातील, कृष्णाकाठचे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरले. आईच्या तरुणपणीचे फोटो, माझ्या लग्नाचा आल्बम आणि त्या सर्वांच्या प्रती भरलेले मेमरी कार्ड, ही सारी एकाच कपाटात होती. पूर ओसरल्यावर पाहिले, तो आल्बमचा लगदा झालेला आणि कार्ड गाळात कोठे गेले ते सापडलेच नाही. प्रत काढली होती. पण ती मूळ वस्तूच्या शेजारी ठेवली, हा दोष माझाच. आईचा एक फोटो तेवढा वाचला, कारण मावशीने तो आपल्या फोनात टिपून पुण्यास नेला होता.

हे थोरामोठ्यांनाही चुकलेले नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट आज आपल्याला पाहावयास मिळत नाही. १९३१ च्या ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाचीही तीच गत झाली.

आता कार्ड केवढे घ्यावे? फोनातील एका फोटोला सुमारे चार एमबी जागा धरली, तर ३२ जीबीच्या कार्डात सात-साडेसात हजार फोटो मावतात. व्हिडिओला मात्र जागा पुष्कळ लागते. आपला फोन वा कॅमेरा किती जीबीपर्यंतचे कार्ड घेतो, हे आधी विचारावे. पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांत ३२ च्या वरचे चालत नाही. शिवाय वर्षाचे लोणचे आपण एकाच बरणीत भरतो का? बुरशी धरली तर सारेच जायचे! तसेच एका भल्या मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डे बरी.

स्वस्ताच्या मोहात पडू नये. नकली कार्डावर आकडा मोठा आणि आत जागा थोडी असते. ती भरली की पुढचे फोटो हाती लागत नाहीत. चुकून फोटो पुसले गेले, तर त्या कार्डात नवे काही न भरता ते जाणत्याकडे न्यावे. पुष्कळदा ते परत मिळतात.

मुख्य गोष्ट ही, की प्रती तीन असाव्यात: एक फोनात, दुसरी घरच्या डिस्कवर आणि तिसरी परगावी, लेकीच्या किंवा भावाच्या घरी. इंटरनेटवर ठेवलेली प्रतही चालेल. मात्र फोनातून पुसलेला फोटो काही वेळा तेथूनही जातो, हे ध्यानात असावे.

भगिनींनो, येत्या दिवाळीत माहेरी जाल तेव्हा फराळाच्या डब्याबरोबर एक कार्डही न्या. आईचे, सासूबाईंचे फोटो त्यात असू द्या. पूर कोणाला सांगून येत नाही.