तारेवरचे कवच

मृग नक्षत्र लागले, की पेडणे-डिचोलीकडे माडाची झावळी तारेवर पडून दिवे जातात, हे कोणाला नवे नाही. उघडी तार तुटून ओल्या जमिनीवर पडली, तर मात्र ती गुरामाणसांचा जीव घेते. म्हणून तारेइतकीच तिच्यावरील आवरणाची चौकशीही अगत्याची ठरते.

पूर्वी हे काम मलायातील गटापर्चा वृक्षाचा चीक करी. १८५१ साली इंग्लिश खाडीच्या तळाशी टाकलेल्या केबलला त्याचेच वेष्टन होते. १९३३ साली इंग्लंडात पॉलिथिन गवसले. त्याचे रेणू परस्परांशी सांधले, की ते ९० अंश उष्णता सोसते. घरगुती वायरीवरील साधे पीव्हीसी ७० अंशांपर्यंतच. एकाच वायरीवर पंप, इस्त्री, शेगडी लादली, तर पीव्हीसी कडक होऊन तडकते आणि पेटल्यास घसा जाळणारा वायू सोडते. उघड्यावरील पॉलिथिनमध्ये काजळी मिसळतात ती उन्हाच्या माऱ्यासाठी. काळा रंग हौसेचा नव्हे.

केबल जमिनीत पुरली, की झावळ्यांचे भय संपते, पाण्याचे नव्हे. उच्च दाबाच्या केबलमध्ये ओल शिरली, तर पॉलिथिनच्या पोटात अतिसूक्ष्म झुडपे फुटू लागतात. ती वर्षानुवर्षे बाहेरून दिसत नाहीत. मग एके दिवशी केबल फुटते. यासाठीच जांभ्यातील चरात आधी वाळू पसरतात, वेष्टन खरचटू नये म्हणून. आणि जाणता कारागीर भर पावसात, आडोशावाचून, सांधा उघडीत नाही.