नदी कंपनीची, आगबोट कोणाची?

(अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ नावाचे जे अवाढव्य करमणूक-नगर आहे, तेथील ‘लिबर्टी बेल’ या आगबोटीची शेवटची फेरी ६ जुलै २०२५ रोजी झाली. दुसऱ्या दिवसापासून बोट बंद, ती ज्या कृत्रिम नदीत फिरत असे ती नदी बंद आणि नदीमधले टॉम सॉयरचे बेटही बंद. मोटारगाड्यांवरील एका लोकप्रिय व्यंगचित्रपटाच्या धर्तीवर नवा विभाग उभारण्याचे कंपनीने आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जाहीर केले होते. त्यासाठी ही जागा हवी होती. श्रीमंत देशातील एक खेळातली बोट बंद पडली, तर समाजवादी कार्यकर्त्याने तिची दखल का घ्यावी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु ही बोट खेळातली असली तरी तिचे इंजिन खेळातले नव्हते, आणि ते चालवणारी माणसे तर मुळीच नव्हती.

बोटीत खराखुरा बॉयलर होता. त्यातील वाफेने इंजिनाचे दट्टे हलत, दट्ट्यांमुळे मागचे प्रचंड लाकडी चाक फिरे आणि त्या चाकाने लोटलेल्या पाण्यावर शेकडो उतारूंचा भार पुढे सरके. १९७३ साली ती पाण्यात उतरली तेव्हा तिचे नाव ‘रिचर्ड एफ. अर्विन’ असे होते. तिच्या आधी, १९७१ मध्ये उद्यान उघडताच, ‘ॲडमिरल जो फाउलर’ ही तिची थोरली बहीण सुरू झाली होती; ती १९८० मध्ये निवृत्त झाली. फाउलर हे नौदलातून निवृत्त झालेले आणि उद्यानाच्या बांधकामावर देखरेख करणारे अधिकारी, तर अर्विन हे आराखडे करणाऱ्या विभागाचे प्रमुख. बोटींना नावे अशा माणसांची मिळतात. पहाटे बॉयलर पेटवून त्यात वाफेचा दाब आणणाऱ्याचे नाव कोणत्याही बोटीवर रंगवले जात नाही. पुढे १९९६ मध्ये अर्विन यांचेही नाव पुसून तेथे ‘लिबर्टी’, म्हणजे स्वातंत्र्य, लिहिले गेले.

या स्वातंत्र्याचा मार्ग मात्र आखून दिलेला होता. पाण्याखाली सुमारे अर्धा मैल लांबीचा रूळ टाकलेला होता आणि बोट त्या रुळावरूनच फिरत असे. सुकाणूच्या खोलीत मोठे चाक होते, टोपी घातलेला कप्तान होता, पण बोट कोठे वळवायची हे ठरवण्याचे काम त्याच्याकडे नव्हते. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण ज्या नदीची ही नक्कल, त्या मिसिसिपीवर काय घडत होते ते पाहिले म्हणजे तिचा अर्थ उलगडतो.

१८५० च्या दशकात मिसिसिपीवरील पायलट हा कामगारांतला राजा होता. नदी रोज आपले पात्र बदलते. काल जेथे खोल पाणी होते तेथे आज वाळूचा बांध असतो. हे ज्ञान कोणत्याही मालकाच्या वहीत नव्हते, ते पायलटच्या डोक्यात होते. सॅम्युएल क्लेमेन्स हा तरुण १८५९ मध्ये परवानाधारक पायलट झाला. पुढे त्याने ‘मार्क ट्वेन’ हे टोपणनाव घेतले, तेही नदीवरचीच एक आरोळी : पाणी दोन वाव खोल, बोट सुरक्षित. त्याने आपल्या आठवणींत पायलटांच्या संघटनेची हकीकत तपशीलवार नोंदवली आहे. आरंभी मूठभर बेकार पायलट एकत्र आले, महिना २५० डॉलर वेतनाची मागणी केली आणि सर्वांच्या थट्टेचा विषय झाले. मग त्यांनी ठिकठिकाणच्या धक्क्यांवर कुलूपबंद पेट्या ठेवल्या. सभासद पायलट नदीच्या ताज्या स्थितीची टिपणे त्या पेट्यांत टाकी आणि दुसरा सभासदच ती वाचू शके. संघटनेबाहेरच्या पायलटांच्या बोटी रुतू लागल्या, बुडू लागल्या. तेव्हा विमा कंपन्यांनीच मालकांना बजावले, की संघटनेचाच पायलट ठेवा. मालक झुकले. पुढे रेल्वे आली, यादवी युद्ध आले आणि तो व्यवसायच ओसरला, हा भाग वेगळा. कामाचे ज्ञान कामगाराच्या हाती असेल तर त्याला विचारल्यावाचून मालकाचे पान हलत नाही, हे त्या पेट्यांनी दाखवून दिले. पाण्याखालच्या रुळाने विचारण्याची ती गरजच संपवली.

त्या काळाचे सोनेरी चित्र रंगवण्याचे मात्र कारण नाही. उद्यानातील बोट जो रम्य भूतकाळ विकत होती, त्यात गुलामांच्या श्रमाने पिकलेला कापूस नव्हता आणि त्या कापसाच्या गाठी वाहणारे, भट्टीत लाकडे टाकणारे कृष्णवर्णीय गुलामही नव्हते. बॉयलरचे स्फोटही अर्थातच नव्हते. जून १८५८ मध्ये ‘पेनसिल्व्हेनिया’ बोटीचा बॉयलर फुटला आणि त्यात ट्वेनचा धाकटा भाऊ हेन्री मृत्युमुखी पडला. अशा दुर्घटनांमुळेच अमेरिकन काँग्रेसला १८३८ मध्ये आणि अधिक कठोरपणे १८५२ मध्ये कायदा करून आगबोटींच्या तपासणीची व्यवस्था करावी लागली. खासगी उद्योगात सुरक्षिततेसाठी केंद्र सरकारने हात घातल्याचे त्या देशातील हे अगदी आरंभीचे उदाहरण. कायदा होऊनही लोभ थांबला नाही. २७ एप्रिल १८६५ रोजी ‘सुलताना’ बोट मेम्फिसजवळ उडाली. ३७६ जणांची परवानगी असलेल्या त्या बोटीवर दोन हजारांहून अधिक माणसे कोंबलेली होती. त्यांत बहुसंख्य सुटका झालेले युद्धकैदी सैनिक होते आणि सरकार त्यांचे भाडे दरडोई देत होते. गळक्या बॉयलरला घाईने ठिगळ लावून ती हाकारली होती. हजाराहून अधिक माणसे त्या रात्री मेली.

डिस्ने वर्ल्डमधील कामगार असंघटित आहेत असे नाही. २०२३ मध्ये तेथील संघटनांनी लढून किमान वेतन ताशी १८ डॉलरपर्यंत नेले, आणि फ्लोरिडासारख्या संघटनाविरोधी कायद्यांच्या राज्यात हे यश लहान नाही. परंतु अमेरिकेतील सामूहिक करारांत कोणते यंत्र चालवायचे आणि कोणते मोडीत काढायचे, हा अधिकार सर्वसाधारणपणे व्यवस्थापनाकडेच ठेवलेला असतो. वेतनावर बोलता येते, बोटीवर नाही. बॉयलर सांभाळण्याचे कसब पुस्तकातून येत नाही; ते एका पिढीने दुसरीला कामावरच द्यावे लागते. बोट थांबली की ही साखळी तुटते, आणि तिची किंमत ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात धरली जात नाही.

मग जुनी यंत्रे टिकवणे केवळ हळवेपणा आहे काय? याचे उत्तर केंटकी राज्यातील लुईव्हिल शहराच्या धक्क्यावर उभे आहे. ‘बेल ऑफ लुईव्हिल’ ही आगबोट १९१४ ची, म्हणजे ‘लिबर्टी बेल’च्या आजीच्या वयाची. अनेक मालक बदलून, नावे बदलून ती १९६२ मध्ये लिलावात आली, तेव्हा जेफरसन काउंटीच्या प्रशासनाने ३४ हजार डॉलरला ती विकत घेतली. करदात्यांचा पैसा भंगारात घातला, अशी टीका कोणत्याही देशात होते तशी तिथेही होणारच. तरी ती ओहायो नदीवर पुन्हा धावू लागली. १९८९ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. १९९७ मध्ये एका माजी कर्मचाऱ्यानेच पाण्याची झडप उघडून तिला धक्क्यालाच बुडवण्याचा प्रयत्न केला. ती वर काढून दुरुस्त केली गेली. तिच्या खर्चाबद्दल नागरिक प्रतिनिधींना जाब विचारू शकतात, कारण ती त्यांची आहे.

सार्वजनिक हिताचा विचार नेहमी जुन्या बोटीच्या बाजूनेच उभा राहतो, असेही नाही. १९२७ ची ‘डेल्टा क्वीन’ रात्रीच्या प्रवासाला उतारू नेत असे. तिचा वरचा भाग लाकडी, म्हणून आगीच्या सुरक्षिततेचा कायदा तिला आडवा आला. काँग्रेस वर्षानुवर्षे सवलत देत राहिली. २००८ मध्ये ती संपली आणि बोट धक्क्याला लागली. २०१८ मध्ये सवलत पुन्हा मिळाली, पण दुरुस्तीला लागणारा पैसा उभा राहिला नाही. ‘सुलताना’ची आठवण असलेल्याने या कायद्याला नावे ठेवू नयेत. राग धरायचाच तर तो भांडवलाच्या त्या स्वभावाचा धरावा, जो नव्या खेळण्यासाठी प्रचंड रकमा ओततो आणि लाकडाच्या जागी पोलाद बसवायला मागेपुढे पाहतो.

आता उरते कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडची ‘मार्क ट्वेन’. १७ जुलै १९५५ रोजी, उद्यानाच्या पहिल्याच दिवशी, ती फिरू लागली. तिचा १०५ फूट लांबीचा तळभाग लॉस एंजेलिसजवळच्या गोदीत बांधला गेला, वरचे मजले चित्रपटाच्या स्टुडिओत. १९९५ मध्ये तिचा तळभाग बदलावा लागला. २०१६ च्या जानेवारीत नवा विभाग बांधण्यासाठी तिची नदी बंद करण्यात आली आणि २०१७ च्या जुलैमध्ये ती पुन्हा उघडली, तेव्हा तिची लांबी कमी झालेली होती. बोट टिकली, नदी आखूड झाली. फ्लोरिडातला निर्णय घेणारी कंपनीच या बोटीचीही मालक आहे. ‘बेल ऑफ लुईव्हिल’ला १९६२ मध्ये काउंटी भेटली, ‘मार्क ट्वेन’साठी तसा दावा सांगू शकेल असे कोणतेही नगर, कोणतीही काउंटी आज त्या धक्क्यावर उभी नाही. तिचा बॉयलर पेटता ठेवणारे कामगार तेवढे रोज तेथे हजर असतात, आणि बोटीविषयीच्या बैठकीला त्यांना बोलावणे नसते.