उन्हाच्या गावातलं विणकाम

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि 'नोकरी सोडून कशावरही बोला' असं बजावलं आहे. हा नियम ज्याने केला त्याचे आभार. नाहीतर आज आपण एकमेकांचे पगार आणि बदल्याच ऐकत बसलो असतो. मी विणकामावर बोलणार आहे. दोन सुया आणि लोकर घेऊन करतात ते विणकाम. मागच्या रांगेतून आत्ता जो हसला, त्याचा आवाज मला तीस वर्षांनीही ओळखू येतो.

हसू येणं साहजिक आहे. मे महिन्यात टीव्हीवर देशातल्या तापलेल्या गावांची नावं सांगतात तेव्हा चंद्रपूर आणि आपली ब्रह्मपुरी त्यात असतेच. पारा ४६, ४७. अशा गावात मांडीवर लोकर घेऊन बसणारी बाई म्हणजे डोक्यावर परिणाम झालेलीच. पुण्यात ऑफिसमध्ये मी गाव सांगते आणि मग छंद सांगते, तेव्हा लोक दोन्ही गोष्टी पुन्हा विचारून घेतात.

पण आपली थंडी त्यांनी पाहिलेली नाही. धान कापून झालं, दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. वडशाच्या कंपन्यांची झाडीपट्टीची नाटकं रात्री दहा-साडेदहाला सुरू होतात आणि पहाटेपर्यंत चालतात. खाली तणस अंथरलेली, अंगावर दव पडतंय, आणि तिसऱ्या अंकात खलनायकापेक्षा थंडीच जास्त छळते. माझ्या आईने विणलेल्या प्रत्येक स्वेटरचं खरं उद्घाटन नाटकाच्या मांडवातच व्हायचं. शेजारच्या काकू दिव्याच्या उजेडात बाही उलटी करून पाहायच्या, टाके मोजायच्या, आणि रंगमंचावर कोणी मरत असलं तरी डिझाइन विचारून घ्यायच्या.

मी मात्र घरी नाही, शाळेत शिकले. कार्यानुभवाच्या तासाला मुलं बागेत जायची आणि आम्ही मुली विणकामाला बसायचो. सुया विकत आणायच्या नाहीत, असा बाईंचा नियम होता. कोणी सायकलच्या चाकातल्या जुन्या तारा घासून आणायचं, कोणी बांबूच्या काड्या. बांबूला आपल्याकडे काय तोटा! पॉलिश पेपरने घासलेल्या बांबूच्या काडीवर लोकर घसरत नाही, त्यामुळे शिकणाऱ्या हाताला ती तारेपेक्षा बरी. आता मोठ्या शहरांत बांबूच्या सुया खोक्यात घालून महाग विकतात. बाई, तुम्ही समोर बसल्या आहात म्हणून सांगते, मी त्या विकत घेतलेल्या नाहीत. अजून काड्याच घासते.

बाईंनी पहिल्या दिवशी दोन टाके दाखवले, सुलट आणि उलट. आमच्या धंद्यातली माणसं हे ऐकलं की लगेच म्हणतात, म्हणजे शून्य आणि एक! मलाही इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं, आणि मी ते मैत्रिणींना ऐटीत सांगायचे. पण हातात विणकाम घेऊन उलटं करून पाहा. पुढून जो सुलट टाका दिसतो, तोच मागून उलट दिसतो. टाका एकच आहे, फक्त तुम्ही कुठल्या बाजूला बसला आहात एवढाच फरक. एका फासातून दुसरा फास ओढून काढायचा, बाकी सगळं त्याचंच पोट. काठाची एक सुलट-एक उलट बॉर्डर का ताणते, वेणीचं डिझाइन कसं उठून येतं, जाळी कशी पडते, हे सगळं त्या एका फासाच्या पुढे-मागे होण्यातून निघतं.

मराठीत आपण विणणं हा एकच शब्द मागावरच्या कापडालाही वापरतो आणि सुयांवरच्या स्वेटरलाही. पण दोन्हींची जात अगदी वेगळी. वैनगंगेपलीकडे आरमोरीत आणि इकडे नागभीडला कोशाचं कापड विणतात. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर ढीवर समाजाची माणसं टसरच्या अळ्या वाढवतात, बायका कोसे उकळून मांडीवर धागा वळतात, आणि मग मागावर उभे शेकडो धागे ताणून त्यांतून आडवा धागा फिरतो. ते कापड ताणत नाही. फाटलं तर त्यातून पुन्हा अख्खा धागा मिळत नाही. स्वेटरचा एक तुकडा मात्र एकाच धाग्याचा असतो. टोक सापडलं की सगळा उसवता येतो. दादाचा स्वेटर उसवून माझा झाला आणि माझा उसवून माझ्या धाकट्या मामेभावाचा. उसवलेली लोकर शेवयांसारखी वाकडी होते. तिच्या लडी करायच्या, कोमट पाण्यात बुडवायच्या आणि खुर्चीच्या पाठीला अडकवून वाळवायच्या. आमच्या घरी नोव्हेंबरात सगळ्या खुर्च्या अशा अडकलेल्या असायच्या आणि पाहुणे दिवाणावर बसायचे.

आणि उन्हाचं म्हणाल, तर मागच्या रांगेतल्या मित्राने शर्टाच्या आतलं बनियन जरा भिंगातून पाहावं. लहान लहान व्ही अक्षरांच्या उभ्या रांगा दिसतील. ते सुलट टाके आहेत. बनियन, टी-शर्ट, मोजे हे सगळं विणकामच आहे, फक्त मशीनवरचं. म्हणून तर ते अंगाबरोबर ताणतं. जगात सापडलेले सुयांवर विणलेले सगळ्यात जुने नमुने इजिप्तमधले आहेत. सुती मोजे, पांढरे आणि निळे, साधारण हजार वर्षांच्या अलीकडचे. म्हणजे ही कला लोकरीशिवाय आणि थंडीशिवायही जगत होती. आपल्या देशात मात्र ती उशिरा, गोऱ्या मडमा आणि मिशनच्या मुलींच्या शाळा यांच्यामार्फत आली. त्यामुळे आपल्या डोक्यात विणकाम म्हणजे स्वेटर, एवढंच बसलं.

आपण आठवी-नववीत असताना घरचं विणणं कमी व्हायला लागलं. कारण तुम्हाला आठवत असेल. हिवाळा आला की नागपूर-चंद्रपूरला तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं रस्त्याकडेला लागायची. त्यांची एक वसाहत आपल्या शेजारीच, तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगाव-प्रतापगडला १९७२ पासून आहे. दुकानातला माल बहुतेक लुधियानाच्या मशीनवरचा. बाबांनी एका हिवाळ्यात नागपूरहून तसा स्वेटर आणला. रंग पक्का, टाके एकसारखे, आणि किंमत आईच्या नुसत्या लोकरीच्या खर्चापेक्षा थोडीच जास्त. आजी आईला म्हणाली, "आता एवढी मेहनत कायले करतेस वो?"

आईने उत्तर दिलं नाही. ती हातातली ओळ पूर्ण करत होती. हिंदी 'सरिता' आणि 'गृहशोभा'चे विणकाम विशेषांक ती त्यानंतरही आणत राहिली, आणि विणत राहिली. मला तेव्हा वाटायचं की सवय आहे, सुटत नाही.

इथे मी आयोजकांचा नियम थोडा मोडणार आहे, कारण नोकरी आल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

बावीस-तेवीस वर्षं मी संगणकाचे प्रोग्राम लिहिते आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यातलं बरंच काम मशीनच करायला लागलं. जे लिहायला मला दिवस लागायचा ते मिनिटभरात समोर येतं आणि बहुतेक वेळा बरोबरही असतं. आमच्या टीममध्ये नऊ जण होतो, पाच उरलो. माझं काम आता मुख्यतः तपासण्याचं. आजीचा प्रश्न इतक्या वर्षांनी माझ्याकडे आला आहे, फक्त विचारणारे सुटाबुटातले आहेत आणि इंग्रजीत विचारतात.

विणकामाला हे फार आधी सोसावं लागलं आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या एका पाद्र्याने १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र बनवलं. पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला पेटंट नाकारलं, हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणून, असं सांगतात. यंत्र थांबलं नाही. म्हणजे हाताने विणण्याची गरज संपायला सव्वाचारशे वर्षांपूर्वीच सुरुवात झाली, तरी आज या मांडवात निदान चार-पाच जणी अशा आहेत ज्यांच्या पर्समध्ये आत्ता सुया असतील.

याचा अर्थ सगळं ठीक होतं, असा मी काढत नाही. ज्याचं पोट त्या कामावर आहे त्याला 'आता आनंदासाठी विण' असं सांगणं हा चावटपणा आहे. आरमोरीच्या विणकराला मी ते सांगणार नाही, आणि माझ्या टीममधून गेलेल्या चौघांनाही सांगितलं नाही. त्यांतल्या एकाला घराचा हप्ता आहे. पण माझ्यापुरती एक गोष्ट आईकडे पाहून उशिरा कळली. स्वेटर हवा असणं आणि विणायला हवं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानाने पहिली भागवली होती, दुसरी भागवलीच नव्हती. आता मीही रविवारी सकाळी तासभर एक छोटा प्रोग्राम स्वतःच्या हाताने लिहिते. डोक्याचा घेर टाकला की टोपऱ्याचे टाके किती घालायचे ते सांगणारा. कागदावर दोन ओळींत होणारं गणित आहे ते. मुलगा म्हणतो, मशीनला विचार, लगेच देईल. देईलच.

टोपऱ्यांचं सांगायचं कारण वेगळं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे आकडे छापून आले. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्यात जंतुसंसर्गावरच्या औषधांचा वाटा मोठा, पण बाळाला ऊब देणं हाही त्या काळजीचा पक्का भाग होता. कमी वजनाचं बाळ झपाट्याने गार पडतं. त्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, आणि उघड्या डोक्यातून ऊब निघून जाते. आपल्या आज्यांनी कुंची आणि टोपरं यांचा जो आग्रह धरला होता, त्यात तथ्य होतं.

तर हे लिहून घ्या, मुलांनीही. तुमचा बागेचा तास आता संपला. दहा नंबरच्या सुया. आपल्याकडे नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, दहा म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. मध्यम जाडीची, न बोचणारी बेबी वूल. ७२ टाके घालायचे. दोन बोटं बॉर्डर, एक सुलट एक उलट. मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट, एकूण उंची दहा सेंटीमीटर होईपर्यंत. आता वरचा भाग. सात सुलट, दोन एकत्र, असं आठ वेळा, ६४ टाके उरतील. परतीची ओळ उलट. पुढच्या ओळीत सहा सुलट, दोन एकत्र. त्यापुढे पाच. असं दर सुलट ओळीला आठ टाके कमी होत शेवटी आठच उरतात. त्यांतून धागा ओवायचा, आवळायचा, आणि बाजूची शिवण घालायची. गोंडा लावू नका आणि नाडी तर मुळीच नको, ती बाळाच्या गळ्याभोवती जाऊ शकते. फेब्रुवारीनंतर लोकर नाही, सुती धागा. आणि विणून झाल्यावर दवाखान्यात नुसतं नेऊन टाकू नका. तिथल्या सिस्टरना आधी विचारा, किती हव्यात, कुठल्या मापाच्या, आणि धुऊन द्या.

पहिल्याला तुम्हाला चार-पाच संध्याकाळी लागतील. नंतर एका नाटकात एक होतं, तिसऱ्या अंकाच्या आधी.

बांबूच्या काड्यांच्या बारा जोड्या मी घासून आणल्या आहेत. जेवण झाल्यावर सातवीच्या वर्गाच्या व्हरांड्यात बसू. बाईंनी टाके तपासायचं कबूल केलं आहे.