परदेशगमन आणि गाडीचा परवाना
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात आखाडा बाळापूर येथे केलेले भाषण)



चालकांच्या आज्ञेवरून आम्ही आज जो विषय घेतला आहे, तो पुष्कळांस क्षुल्लक वाटेल. गाडी चालविण्याचा परवाना, ज्यास आपण व्यवहारात 'लायसन' म्हणतो, तो परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या कितपत उपयोगी पडतो, हे सांगावयाचे आहे. आम्ही मॅट्रिक होऊन जन्मभर मास्तरकी केली. कायद्याचे पांडित्य आमच्यापाशी नाही. जे सांगणार आहोत, ते हात पोळल्यामुळे कळलेले आहे.

आमची धाकटी कन्या परिचारिका आहे. २०२२ साली ती इंग्लंडात नोकरीस गेली. खेड्यापाड्यांतील वृद्ध रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्या जखमा बांधावयाच्या, औषध द्यावयाचे, असे तिचे काम. त्यास मोटार अवश्य. तिचा परवाना २०१४ सालचा, २०३४ पर्यंत मुदतीचा. निघण्यापूर्वी तिने विचारले, "अप्पा, हा तिकडे चालेल ना?" आम्ही छातीठोकपणे सांगितले, "सरकारने २०३४ लिहून दिले आहे, आणखी काय पाहिजे?" मास्तराची खोड अशी, की उत्तर ठाऊक नसले तरी ते देण्याचा मोह आवरत नाही.

वस्तुस्थिती निराळी होती. ब्रिटनमध्ये वास्तव्यास गेलेल्या माणसास भारतीय परवान्यावर १२ महिनेच गाडी चालविता येते. काही देशांचे परवाने तेथे परीक्षेवाचून बदलून मिळतात. त्या यादीत भारत नाही. म्हणून प्रथम शिकाऊ परवाना, मग लेखी परीक्षा, मग रस्त्यावरची परीक्षा, असा आरंभापासून प्रवास करावा लागतो. हे तिला अकराव्या महिन्यात उमगले. लेखी परीक्षेतील ५० पैकी किमान ४३ उत्तरे बरोबर यावी लागतात; रस्त्यावरील धोका चित्रफितीत वेळीच ओळखावा लागतो. तेथे ती सहज उत्तीर्ण झाली. परंतु रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख काही महिन्यांनंतरची मिळाली. वर्ष भरताच गाडी दारात उभी राहिली. बसने किती रुग्ण होणार? कामाचे तास घटले, पगार घटला, आणि परदेशी जाण्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते आम्ही निवृत्तिवेतनातून भरू लागलो.

पुढे परीक्षा झाली आणि ती नापास झाली. तेथे पंधरापर्यंत किरकोळ चुका माफ असतात. गंभीर चूक मात्र एकही चालत नाही. पट्टे आखलेल्या ठिकाणी एक म्हातारा काठी टेकीत रस्त्यात उतरला होता. आपल्याकडच्या सवयीने हिने गाडी पुढे काढली. रात्री दूरध्वनीवर ती म्हणाली, "अप्पा, तो तुमच्याच वयाचा होता हो."

बंधूंनो, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. कारण २०१४ साली घडलेली गोष्ट आम्ही आजवर कोणास सांगितली नव्हती. शिकाऊ परवान्यानंतर निदान ३० दिवस शिकून मग परीक्षा द्यावी, असा नियम आहे. आम्ही एका मध्यस्थास पैसे दिले. मुलीने परीक्षेच्या दिवशी मोटार वीस पावलेसुद्धा हाकली नाही, आणि परवाना घरपोच आला. ते कार्यालय कोणते, हे विचारू नका. पैसे मोजणारा हात आमचा होता. वर्गात नक्कल करणाऱ्या पोरांस आम्ही बाकावर उभे करीत असू, आणि पोटच्या पोरीस तीच नक्कल स्वहस्ते करून दिली! इंग्लंडच्या परीक्षकाने तिला नापास केले नाही, आम्हांस केले.

आता ज्यांची मुले जाणार आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी. पहिली, त्या देशातील मुदत आधीच विचारून घ्यावी. ब्रिटनमध्ये १२ महिने, जर्मनीत सहा, कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात अवघे ६० दिवस. अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. दुसरी, आंतरराष्ट्रीय परवाना येथूनच काढून न्यावा. तो मूळ परवान्यावर मिळतो आणि एक वर्ष चालतो. परदेशी असताना संपल्यास भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करण्याची सोय २०२१ साली झाली आहे. मात्र तो प्रवाशाच्या सोयीचा आहे. तेथे कायम राहणारास तो पुरत नाही. तिसरी, पारपत्र आणि परवाना यांवरील नाव अक्षरशः एक असावे. लग्नानंतर मुलींचे आडनाव एका कागदावर बदलते, दुसऱ्यावर राहते. गावाचेही तसेच; अकोला जिल्ह्यातही एक बाळापूर आहे, म्हणून 'आखाडा' हा शब्द गाळू नये. चौथी, येथील परवान्याची मुदत संपल्यावर वर्षाच्या आत नूतनीकरण न केल्यास पुन्हा परीक्षा द्यावी लागते. सुट्टीवर येणाऱ्या मुलांनी तारीख पाहून यावे.

कन्येने पुढे एका शिक्षकाकडे रीतसर धडे घेतले आणि दुसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली. आज तिची गाडी पुन्हा रुग्णांच्या दारी जाते. यंदा आमचा पुतण्या अठरा वर्षांचा झाला. मध्यस्थ घरी आला होता; त्यास चहा पाजून परत पाठविले. पुतण्या एकदा नापास झाला, महिनाभर शिकला, मग पास झाला. बाजाराच्या दिवशी नांदेड-हिंगोली रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी तो गाडी थांबवितो. मागचे लोक भोंगे वाजवितात, वाजवू द्यात.

परवाना हा कागद नव्हे. दुसऱ्याचा जीव सांभाळण्याची ती कबुली आहे. ती विकत घेऊ नका आणि मुलांस घेऊन देऊ नका, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.